चढाकडचा गोल

प्रिय संघपालदादा,

जय भीम. तुला रजा मिळाली, शनिवारी येतोस आणि रविवारी आदिलाबादला भैंसा गावच्या संघाविरुद्ध जयंतीची फायनल खेळणार आहेस, हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. तुझा फोन ठेवला आणि रुक्माआत्या चप्पल न घालताच वस्तीभर फिरली. मी गिरणीत पोचेपर्यंत तिथल्या बायकांनी आपल्याला कप देऊनही टाकला होता. तेव्हापासून मी तुला फोन लावतोय. तू उचलतोस तेव्हा मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज असतो, "बोल लवकर" म्हणतोस, आणि मला लवकर बोलता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तुमच्या घरून बोलावं तर आत्या, आईच ती तुझी, स्पीकर लावून मध्ये बसते. म्हणून हे पत्र. गोपाल सरकीची गाडी घेऊन हैदराबादला निघालाय, त्याच्या हाती देतोय. तो वाचेल अशी भीती नाही. घरी मराठी बोलत असला तरी तो तेलुगू शाळेत शिकला, त्याला मराठी वाचता येत नाही. तू मात्र निवांत बसून वाच. या संघाला मी इतका वैतागलोय की कुणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय मला रविवारी मैदानात नीट उभंही राहता येणार नाही.

दिवाळीनंतर तू गेलास आणि पाठोपाठ केशवराव सरही मुलाकडे नांदेडला राहायला गेले. सरांचा खेळ तुला सांगायला नको, तो तुझ्याभोवतीच उभा होता. विहारामागचं आपलं मैदान नाल्याकडे उतरतं. टॉस जिंकला की पहिला हाफ चढाकडे घ्यायचा, म्हणजे खेळायचाच नाही, सगळ्यांनी मागे गर्दी करून आपला गोल वाचवायचा. दुसऱ्या हाफला उतार आपल्या बाजूने आला की नागसेनने गोलातून लांब लाथ हाणायची. चेंडू उसळत, घरंगळत पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याकडे जायचा आणि तिथे तू असायचास. सर छत्री धरून खुर्चीवर बसल्या बसल्या तुझं नाव घेऊन एकच ओरडायचे, "संघाले द्या रे, बाकीच्यानं डोकं चालवू नोका." आम्ही नाही चालवलं. घरच्या मैदानावर आपल्याला कुणी हरवलं नाही, आणि दर जयंतीला आदिलाबादच्या सपाट मैदानावर आपण हरून आलो. येताना टेम्पोत आपण रेफरीला शिव्या द्यायचो. तिथे चेंडू आपोआप पुढे जात नाही, एवढी साधी गोष्ट संपूर्ण संघात कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

तू गेल्यावर काय झालं ते ऐकून तू हसशील, मी तेव्हा हसलो नाही. जैनथच्या पोरांशी मैत्रीचा सामना होता. नागसेनने पहिलाच चेंडू हाणला तो थेट टाकीच्या कोपऱ्यात, आणि वर ओरडला, "घे संघा." तू हैदराबादला खोकी उचलत होतास. चेंडू कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात जाऊन बसला. मी त्याला म्हणालो, अरे तिथे कोणी नाही. तो म्हणाला, "मले माहीत हाये बे. पाय तिकडंच जाते." पुढच्या वेळी पुन्हा तेच. बाकीचेही तसेच. चेंडू पायात आला की मान वर, नजर टाकीकडे, आणि मग कुणीतरी टाकीमागच्या तुमच्या घरातून बाहेर येईल अशा थाटात सगळे उभे. जैनथची पोरं सुरुवातीला गोंधळली. त्यांना वाटलं हा काहीतरी डाव आहे. मग त्यांनी आरामात गोल केले. ओट्यावरून धोंडीबाआजा म्हणाला, "नवरदेव गेला पळून, अन् वरात अजून दारात नाचून राह्यली."

तेव्हा दीपमाला मॅडम आल्या. मुलींच्या निवासी शाळेत खेळ शिकवतात, शाळेच्या क्वार्टरमध्ये राहतात, मूळच्या बासरकडच्या. कॉलेजात असताना स्वतः फुटबॉल खेळलेल्या. विहार समितीने त्यांना विचारलं ते दुसरं कोणी मिळेना म्हणून, हे समितीनेही लपवलं नाही. बाईमाणूस पोरांना शिकवणार म्हणून दोन-चार जण कुजबुजले, पण त्यांची कुजबुज पहिल्याच संध्याकाळी बंद झाली, कारण त्यापेक्षा मोठं संकट आलं. मॅडमनी आम्हाला नाल्याच्या बाजूला उभं केलं आणि सांगितलं, वरच्या गोलात चेंडू घाला. चढाकडे. अख्खी संध्याकाळ. दुसऱ्या दिवशीही तेच. करणने विचारलं, "मॅडम, चढावर काऊन?" त्या म्हणाल्या, "उतारावर तर चेंडू स्वतःच खेळते. तुमी कवा खेळसान?"

मग नियम आले. चेंडू गुडघ्याच्या वर उचलायचा नाही, जो उचलेल त्याने तो नाल्यातून स्वतः आणायचा. नागसेन त्या आठवड्यात मैदानापेक्षा नाल्यातच जास्त होता. पास दिला की उभं राहायचं नाही, दुसरीकडे जायचं. आणि "संघा" म्हणून ओरडायला बंदी. पुढे माणसं बदलली. करण, जो मागे उभा राहून शेंगा खायचा, त्याला त्यांनी फॉरवर्ड केलं. पण फॉरवर्ड म्हणजे धावणारा नाही. त्याने समोरच्या गोलाकडे पाठ करून उभं राहायचं, आलेला चेंडू थांबवायचा आणि मागून येणाऱ्याला परत द्यायचा. धोंडीबाआजाने त्यालाही सोडलं नाही. "गोल तिकडं हाये रे बाबू, का तुझं भांडण झालं त्याच्यासंग?" आणि मला मागून काढून मधोमध आणलं, कप्तानही केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू तसाही सगळ्याईले कुठं उभं राहाचं ते सांगत राहते. आता मधातून सांग."

दादा, सांगून कोणी ऐकलं असतं तर मी वैतागलो असतो का? जागा सोडू नको म्हटलं की सोडतात, सोड म्हटलं की खांब होतात. मी रात्री झोपायच्या आधी डोळ्यांसमोर सगळ्यांना बरोबर जागेवर उभं करतो आणि संध्याकाळी ते बाजारातल्या बैलांसारखे कुठेही दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात मालक मला म्हणतो, तू ग्राहकांशी बोलताना हाताने पास दाखवतोस. कॉलेजात इंटर अर्धी सोडलेल्या माणसाला इतकी शिस्त शोभत नाही, असंही म्हणतो. म्हणू दे. जयंतीच्या बॅनरवर त्याने बाबासाहेबांच्या नावाखाली चुकीचं छापायला घेतलेलं "शुभेच्छ्या" मीच थांबवलं होतं.

जयंतीच्या स्पर्धेतला पहिला सामना आम्ही जिंकलो आणि कुणालाच आनंद झाला नाही. आदिलाबादच्या मैदानावर, सपाट जागेवर, बिनआवाजाचा गोल. मी करणला दिला, करणने पाठमोरा राहून मलाच परत दिला, मी डावीकडे सरकवला, तिथून आडवा आला आणि गर्दीतून कुणाच्या तरी पायाला लागून आत गेला. आत्या टेम्पोत आली होती. तिने विचारलं, "गोल कोनं केला?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. नागसेन म्हणाला, "झाला, आत्या." ती म्हणाली, "झाला म्हंजे? माह्या संघानं केला का गोल कळे तरी. कोनाले खांद्यावर उचलाचं?" सेमीफायनललाही तसंच झालं. समोरचे मोठे, उटनूरकडचे धिप्पाड गडी, आमच्यातल्या नेमक्या कुणाला धरावं हेच त्यांना कळेना. ज्याला धरायचे त्याच्या पायात चेंडूच नसायचा. शेवटी आपल्या वस्तीतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, पण उशिरा, आधी एकमेकांना विचारून. परतताना आत्या मला म्हणाली, "तुमचा खेळ म्हंजे स्वेटर विननं हाये. चांगला हाये, पन पाहून राहाले कंटाळा येते." मला राग आला नाही. पहिल्यांदाच टेम्पोत रेफरीचं नाव कोणी काढलं नव्हतं.

आणि मग तुझा फोन आला.

त्या संध्याकाळी सराव होता. खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. फायनलचं सगळं ओझं तू घेशील, मला मधोमध उभं राहून ओरडावं लागणार नाही, असं वाटलं. सराव सुरू झाला. करण आपणहून मागे जाऊन उभा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "दादा येऊन राह्यला ना आता. मी कायले पाठ करून उभा राहू?" नागसेनने चेंडू हातात घेतला, चांगला गोल फिरवला आणि लांब हाणला. टाकीच्या कोपऱ्यात. आणि ओरडला. कोणीच हललं नाही, सगळे माना वर करून बघत राहिले, हसत. मीसुद्धा. आख्ख्या हिवाळ्यात चढावर घाम गाळून जे बसवलं होतं ते तू यायच्या आधी, नुसत्या बातमीने उठून गेलं. मॅडमनी शिट्टी वाजवली आणि सराव थांबवला. त्यांनी आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "तो खेळला तर कसा खेळ होईल ते तू पाह्यला. नाही खेळला तर काय होईल तेही तू पाह्यला. मी नाही ठरवत." मी म्हणालो, मॅडम, कोच तुम्ही आहात. त्या म्हणाल्या, "मी 'नाही' म्हटलं तर वस्ती म्हनल, बाहेरची बाई आली अन् आमच्या पोराले काढलं. संघाचे दोन तुकडे होतील. मी उद्या बदली होऊन जाईन. तुले तर त्याच्याच घरी जेवाचं हाये. म्हनून तूच सांग." तेव्हापासून मी जेवलोही नीट नाही. आत्या रोज विचारते, "संघासाठी कोनती जर्सी ठेवली?" तिने तुझ्यासाठी मिरचीचं लोणचं काढून ठेवलंय, आणि मी तिच्याच हातची भाकर खाऊन मान खाली घालून बाहेर पडतो. चिडतो करणवर, नागसेनवर, मालकावर. तुझ्यावरही चिडलो, की तू विचारलं का नाहीस, नुसतं येतो म्हणालास. मग वाटलं, तू का विचारावंस? तो संघ तुझाच होता.

दादा, मी तुला रविवारी खेळवणार नाही. हे सांगायलाच पत्र लिहिलं. पहिल्या पानावरच लिहायला हवं होतं, जमलं नाही. तू वाईट खेळतोस म्हणून नाही. आपल्यात तुझ्याइतका चांगला अजूनही कोणी नाही, आणि अडचण तीच आहे. तू मैदानात असलास की आम्ही खेळायचं सोडून तुझ्याकडे बघतो. बदली म्हणूनही तुला बाकावर बसवणार नाही, कारण तू बाकावर असलास तरी नागसेनचा पाय तिकडेच जाईल. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. तू फोनवर सांगितलंस तर ती रडेल आणि ऐकेल. तुला ते नको असेल तर मी सांगेन, ती माझ्याशी कितीही दिवस बोलली नाही तरी. गाडीत बसायच्या आधी तुला हे कळावं, इथे येऊन चारचौघांत कळू नये, एवढंच माझ्या हातात होतं. कळल्यावरही यावंसं वाटलं तर ये. शनिवारी मी आदिलाबादच्या बसस्टँडवर उभा असेन. तू उतरलास तर तुझी बॅग मी घेईन आणि तू जे बोलशील ते ऐकत घरापर्यंत येईन. नाही उतरलास तर हैदराबादची शेवटची बस येईपर्यंत थांबेन, मग परत जाईन, आणि रविवारी खेळेन.

तुझाच भाऊ,
देवानंद