साखर कोण देतंय?

१९ नोव्हेंबर, दुपार

चि. सौ. धाकट्या जावेस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तुझा नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो, बाकी घर चालू आहे.

बाबांची रक्तातली साखर तू गेल्यावरही उतरली नाही. तू त्यांना लपूनछपून गोड देतेस, हे मी धरूनच चालले होते. मग वाटलं, जाताना कुणाला तरी सांगून गेली असशील. कामवालीवर नजर ठेवली. शेजारच्या काकूंची पिशवी चाचपली. शेवटी बाबांची उशीसुद्धा झटकली. ते म्हणाले, "अगं, मी काय चोर आहे का?" निदान एक चॉकलेट सापडलं असतं तर माझी लाज राहिली असती.

परवा डायलिसिसच्या नर्सबाई आल्या. बाबांच्या पोटात सोडतो त्या पाण्याच्या रिकाम्या पिशव्या बघून म्हणाल्या, "रोज कडक पिशवीच? ती तर सूज असेल तेव्हाच लावायची." मी म्हटलं, तिनेच तर जास्त पाणी बाहेर येतं. किडन्या गेलेल्या माणसाला आणखी काय हवं?

"ताई, कडक म्हणजे त्यात साखर जास्त. पोटातल्या पातळ पडद्यातून ती अंगातलं पाणी ओढून घेते. पण पडद्याला वाट दोन्हीकडून असते. पाणी बाहेर येतं, तशी साखर आत रक्तात जाते."

खरं सांगू? आधी वाटलं, ही तुझी मैत्रीण असणार. पण डॉक्टरांना विचारून साधी पिशवी लावली आणि साखर उतरायला लागली. पिशव्या मीच निवडत होते. तू म्हणायचीस, "ताई, आज साधी लावूया का?" मला त्यातही डाव दिसायचा.

कामवालीसमोर तुझी पर्स पलंगावर ओतली, ते एक वेळ सोड. पण "तू बाबांच्या जिवावर उठलीयस" असं मी बोलले. त्यांना घास भरवत होतीस तू तेव्हा. फार वाईट बोलले गं.

नशीब, त्यांना ऐकायला कमी येतं. मी सांगितलंय, तू आईच्या मदतीला गेलीस. रोज तुझी चौकशी करतात, माझ्या हातचं जेमतेम खातात. पत्र मिळालं की त्यांना फोन कर. का गेलीस, असं विचारतील. खरं तेच सांग, आणि मोठ्याने सांग. मी शेजारीच बसलेली असेन, उठून जाणार नाही.

तुला 'परत ये' म्हणायला तोंड नसलेली,
ताई