बाबांचे हवालदारसाहेब

कामठा, रविवार, मार्च २००८

आज बाबांनी मला ओळखलं, पण मुलगा म्हणून नाही, टीव्ही मालिकेत मी करतो तो हवालदार म्हणून! मी अंगणात पाय ठेवताच खाटेवरून उठायला लागले. "या हवालदारसाहेब, काऊन आले जी?"

वहिनी म्हणाली, हल्ली ते तिलाही ओळखत नाहीत.

सांगावं का, बाबा, मी तुमचा सुरेश? तोंडाशी आलं होतं. पण ते गोंधळले असते. मग हवालदारच राहिलो. सकाळपासून उपाशी होते म्हणे, माझ्या हातून मात्र मुकाट्यानं भात खाल्ला.

खाऊन झाल्यावर जवळ बोलावून हळूच म्हणाले, "माहा पोरगा नाटकाच्या नादानं मुंबईले गेला. मी त्याले लय बोललो. भेटला त सांगा, बाप नाराज नाही म्हना."

"सांगतो," म्हणालो आणि त्यांचं तोंड पुसून दिलं. खरंच ओळखलं नसेल का त्यांनी?

परवा शूटिंग आहे. येत नाही, असं कळवून टाकलं. तिकडे ती वर्दी कोणालाही चढवतील. इथे उद्या बाबांना भात भरवायला हवालदार लागेल.