हिच्यासाठी गाडी

९ जानेवारी

गाडीच्या दाराचा पत्रा फुकट गेला. धाकटीने तो उचलून शेडच्या कोपऱ्यात भिरकावला. त्या आवाजाने शेजारच्या वकिलांचा कुत्रा जो भुंकायला लागला तो थांबेचना. मग स्वतःच गेली, पत्रा उचलून आणला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, मला काही येत नाही. उगाच उडी घेतली मी."

बसच्या बॉड्या बांधण्याच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेली मुलगी हे म्हणते! मी काय बोलणार? जन्मभर कचेरीत कागदाला कागद टाचले. खिळा ठोकायचा तर माझं बोट आधी पुढे! तरी म्हणालो, "दुसरा पत्रा घे."

"सोपं आहे हो म्हणायला."

आहेच सोपं. म्हणून तर म्हणालो.

११ जानेवारी

आज हिला पलंगावरून उठवताना पुन्हा ते सगळं आठवलं. मांडीचं हाड खुब्यात मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. पण मोटारीत बसणं होत नाही. खाली वाकवत नाही आणि पाय आत उचलत नाही. मागे तपासणीला नेलं तेव्हा टॅक्सीवाला आणि वकील, दोघांनी मिळून तिला पोत्यासारखं उचलून आत सारलं. परत आल्यावर ही भिंतीकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आता ह्या घरातून मी एकदाच बाहेर पडणार. तेव्हा दोघांत भागायचं नाही, चौघं बघून ठेवा."

मी हसलो. सवय! धाकटी हसली नाही. पुढच्याच रविवारी एका जुन्या मालवाहू गाडीचा नुसता सांगाडा ओढून आणला आणि मागच्या शेडमध्ये लावला. म्हणाली, "आईला गाडीत चढवायचंच नाही. सीट बाहेर येईल, आईच्या मागे येऊन उभी राहील. आई टेकेल. सीट आत जाईल."

अशी गाडी बाजारात आहे का? तिला परवडेल आणि आईला बसेल अशी नाही. म्हणून बांधायची.

हिचं मत विचारलं. "त्या डबड्यात? मी? वेड लागलंय का तुम्हा बापलेकीला?"

१७ जानेवारी

आज आनंदाचा दिवस. म्हणून सविस्तर.

उजव्या दाराचा नवा पत्रा घेतला. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं. एवढंच काम. पण हात एकसारखा पडला पाहिजे. धाकटीचा आज पडत नव्हता. कारखान्यात कुणीतरी काहीतरी बोललं असावं. तीन घाव बरे, चौथा रागाचा.

मी स्टुलावर बसून आपला गुणगुणत होतो. भुजंगप्रयात! लगागा लगागा लगागा लगागा. कवितेच्या तासाचे मास्तर बाकावर पट्टी आपटून म्हणवून घ्यायचे. शब्द नंतर, आधी ठेका. मास्तरांच्या कोटाला खडूचा वास. वर्गात मागच्या बाकावर झोपलेला एक जण झोपेतसुद्धा तालावर मान हलवायचा.

एकदम धाकटी म्हणाली, "थांबू नका. म्हणा तेच."

"अगं, हे काय, नुसतं लगागा..."

"तेच म्हणा!"

मग काय! ल म्हणजे हलका घाव, गा म्हणजे जड. हलका-जड-जड, हलका-जड-जड. तिचे खांदे सैल झाले, ओठ मिटले. आणि पत्रा (मी डोळ्यांनी पाहिलं) वळायला लागला. सपाट, थंड, आडमुठा पत्रा! घाव पडेल तसा हळूहळू फुगत गेला, जसं दुपारच्या वाऱ्यात दोरीवरचं धुणं फुगतं. शेवटी धाकटीने त्यावर पालथा पंजा फिरवला. डोळे मिटून. असा हात मी तिच्या जन्माच्या दिवशी हिला तिच्या पाठीवरून फिरवताना पाहिलं होतं.

आतून हाक: "अहो, मेलात का काय दोघं? चहा गार झाला!"

१८ जानेवारी

पाठ धरली. स्टुलाला पाठ नाही, मला आहे, एवढाच काय तो फरक.

२५ जानेवारी

डावं दार घेतलं. हीच हिची बाजू. इकडूनच सीट बाहेर येणार.

आकाश भरून आलेलं होतं आणि मला मंदाक्रांता सुचली. सुचली म्हणजे काय, तोंडात येऊनच बसली. गागागागा ललललल गा... काय चाल आहे! आधी हत्ती चालावा तशी चार पावलं आणि मग हरणाने उड्या मारत सुटावं! धाकटी म्हणाली, "हे मागच्यापेक्षा भारी आहे, बाबा." मी खुलून गेलो. घसा बसेपर्यंत म्हटलं. तिनेही हात थांबवला नाही.

मास्तर असते तर म्हणाले असते, "उभा राहा. पुन्हा म्हण."

१ फेब्रुवारी

दोन्ही दारं सांगाड्याला लावून पाहिली.

उजवं देखणं. डावं म्हणजे दाढ सुजलेल्या माणसाचा गाल! मध्येच टम्म फुगून वर आलेलं. धाकटीने पट्टी लावली, दोरा लावला, कागद कापून नमुना लावला. पट्टी तेच सांगत होती. मग खाली बसली आणि बोटाने पत्र्यावर काहीतरी मोजत राहिली. एकदम माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुमच्या त्या दुसऱ्या गाण्यात आधी चार जड होते ना?"

"चार गुरू. हो."

"आणि मी प्रत्येक ओळीला पत्र्याच्या मधूनच सुरुवात करत होते."

म्हणजे प्रत्येक वेळी ते चार हत्ती एकाच जागी नाचले आणि हरणं गेली कडेला! जगात पत्रे पुष्कळ बिघडले असतील, मंदाक्रांतेने बिघडलेला हा पहिलाच.

मला हसू येत होतं. तिला नाही आलं. मोगरी हळूच, अगदी हळूच खाली ठेवली. फेकली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "ज्या माणसाला स्वतःचा हात ओळखता येत नाही, बापाच्या कवितेवर चालवावा लागतो, त्याने गाडी बांधू नये. आणि आईला तर तिच्यात मुळीच बसवू नये."

"चूक माझी आहे, बाळ."

"तुमची कशी? हात तुमचा होता का?"

ताडपत्री ओढली. शेडला कुलूप.

२ फेब्रुवारी

कुलूप.

८ फेब्रुवारी

अजून कुलूप. घरात शांतता अशी की वकिलांनी भिंतीवरून विचारलं, "काका, सगळं ठीक ना? कोणी आजारी वगैरे?" आवाजाची तक्रार करणारा माणूस आता आवाज नाही म्हणून काळजी करतो!

धाकटी कामावरून येते, हात धुते, जेवते, भांडी घासते. नीट बोलते. तेच वाईट. मी एक-दोनदा प्रयत्न केला. नेटाने चालत राहावं, अपयश ही पहिली पायरी वगैरे. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं सगळं म्हणून झालं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मनापासून म्हणता हे कळतं मला." म्हणजे, गप्प बसा.

१० फेब्रुवारी

थोरल्याचा फोन. तो लांब असतो, आवाज मात्र घरभर. मला ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर ठेवतो. धाकटी स्वयंपाकघरात कणीक मळत होती, ही पलंगावर.

"झालं ना समाधान? मी पहिल्यापासून सांगतोय. हौस फिटली असेल तर ते धूड शेडमधून हलवा."

मी म्हटलं, "अरे, एक दार चुकलंय फक्त."

"दाराचा प्रश्न नाही, बाबा. मुळात गरज काय? आईला तरी कुठे जायचंय? ती सुखात आहे घरात."

"फोन इकडे आणा," ही म्हणाली.

मी नेला. हिने तो तोंडाजवळ धरला, जेवणाचा घास धरावा तसा.

"मला जायचंय."

"कुठे, आई?"

"ते मी गाडीत बसल्यावर ठरवीन. तुझं झालं असेल तर ठेव."

आणि फोन माझ्याकडे दिला, जसं काही कुणी वेळ विचारली आणि हिने सांगितली. स्वयंपाकघरातला परातीचा आवाज थांबला होता.

माझं म्हणाल तर मी पलंगाशी खुळ्यासारखा उभा! 'डबडं डबडं' म्हणणारी ही! कुणाला आपल्यासाठी राबायला लावायचं नाही म्हणून नको म्हणायचं, आणि नको इतक्या जोरात म्हणायचं की आपल्यालाही ते ऐकू जावं. जन्मभर मी कवितांचे अर्थ लावत बसलो. आणि हे रोजचं गद्य शेजारी असून मला लागलं नाही.

११ फेब्रुवारी

सकाळी कुलूप उघडलं. धाकटीने रजा टाकली होती.

मी स्टूल घेऊन हजर. म्हटलं, "भुजंगप्रयात म्हणू का? मंदाक्रांता नाही, शपथ."

"आज काही नको, बाबा. नुसते बसा."

नुसता बसलो. सोपं नव्हतं!

तिने सुजलेल्या जागी गॅसची ज्योत धरली. रुपयाएवढा ठिपका लाल झाला की चार हलके घाव, लगेच ओलं फडकं. चर्र! पत्रा आखडतो. पुन्हा शेजारी ठिपका. दर वेळी वाटे, आता भोक पडणार. एकदा तिचा हात थांबला. मला वाटलं, झालं, पुन्हा ताडपत्री. पण ती फक्त श्वास घेत होती. मग पुन्हा ज्योत.

मी मनातल्या मनात तिच्या घावांचे लघुगुरू लावायला गेलो. लागेनात. यगण म्हणावं तर पुढे भलतंच. कुठल्याच वृत्तात बसत नव्हतं आणि कुठे अडखळतही नव्हतं. ह्या मुलीचा हात स्वतःच्याच चालीवर चालला होता! मी अख्खी सकाळ ऐकत राहिलो. मास्तरांनी हे फळ्यावर कसं मांडलं असतं, कोण जाणे.

दुपारी दार लावून पाहिलं. अगदी उजव्यासारखं नाही. किंचित फुगीर आहे अजून. धाकटीने लांब उभं राहून डोळे बारीक केले.

"चालेल?" मी विचारलं.

"चालेल नाही. चांगलं आहे." थांबून म्हणाली, "बाबा, मी चांगलं केलंय हे."

ती असं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. स्वतःविषयी तर नाहीच.

४ मार्च

सीटची चाचणी. हिच्या वजनाचं माणूस हवं म्हणून मी. सीट झकास बाहेर आली, मी बसलो, सीट निघाली आत आणि अर्ध्या वाटेत रुसली! माझे पाय बाहेर, डोकं आत, चष्मा कुठेतरी. धाकटी खाली सरपटत गेली. तेवढ्यात भिंतीवर वकील उगवले.

"काका, प्रवास कसा चाललाय?"

"रस्ता जरा खराब आहे!"

धाकटी गाडीखालून हसत सुटली. इतकी की पाना हातातून पडला. महिन्यापूर्वी हीच गोष्ट घडली असती तर? आज बाहेर आली तेव्हा तोंडाला ग्रीस आणि डोळ्यांत चमक. "पिन आखूड झालीय, बाबा. माझीच चूक. नवी करते." चूक हा शब्द असाही म्हणता येतो तर!

१९ मार्च

रंग कुठला? हिला विचारलं. "मला काय करायचंय!" आणि मिनिटाभराने आतून: "पिवळा. लांबून दिसेल असा."

३० मार्च

वाहन तपासणीचे साहेब. कडक माणूस. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, वेल्डिंगवर नख फिरवलं. सीट तर पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायला लावली. शेवटी-शेवटी मला शंका आली की ते तपासत नसून खेळत होते. विचारलं, "बांधणारा कोण?"

धाकटी म्हणाली, "मी."

नुसतं 'मी'. त्यापुढे काही नाही, मागे काही नाही. एकाक्षरी. ह्याहून सुरेख ओळ मी शाळेत पाठ केलेली नाही.

पास!

६ एप्रिल

दोघी गेल्या!

सीट बाहेर आली, ही टेकली, सीट आत गेली. कुणी हात लावला नाही. मी इस्त्रीचा सदरा घालून मागच्या दाराशी गेलो, तर मागे दारच नाही. मागे सीटही नाही. सगळी जागा त्या यंत्राने खाल्लेली. इतके दिवस शेजारी बसून मी वळणं पाहत राहिलो, माणसं किती बसणार ते पाहिलंच नाही!

हिने काच खाली केली. "अहो, दूध तापवून ठेवा."

"पण चाललात कुठे?"

"बघू!"

संध्याकाळी हिचा फोन. "आज इकडेच राहतोय. जेवून घ्या."

दूध उतू गेलं. हिच्या पलंगावर, हिच्या उशीला टेकून बसलो आहे. इथून रस्ता दिसतो, हिचा वेळ छान जातो, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

दिसत नाही. वकिलांची भिंत दिसते.