कुलूप लावलेली घरं

मंगळवार, संध्याकाळ

आजही बेसा रोडच्या नव्या लेआउटमध्ये बहुतेक घरांना कुलूप. रोजगाराचा सर्व्हे करायला मी दुपारी जातो, आणि ज्यांना रोजगार आहे ते दुपारी कामावर असतात. हे कोणालाच कसं सुचलं नाही?

सुपरवायझर साहेब फोनवर म्हणाले, "कुलपं पाहून काहून रडून राहिला गा? बाजूचं उघडं घर लिही न. शनिवारपर्यंत काम नाही झालं तर दुसरा पोरगा ठेवतो."

बाजूच्या उघड्या घरातल्या रिटायर्ड काकांना हे सांगितलं, तर ते हसले. "माह्यासारखे रिकामे म्हातारेच लिहिशील, तर सरकारले वाटन इथं कोणालेच काम नाही. बाजूची पोरगी बुटीबोरीच्या कंपनीत जाते. पहाटेच्या बसच्या आधी ये, बाबू."

बारावीनंतर शिक्षण सुटल्यावर मिळालेलं हे पहिलं धड काम. गेलं तर? पण कुलपामागची माणसं सोडून केलेली मोजणी खोटीच, आणि ती माझ्या हातची.

साहेबांना मेसेज लिहिला: बंद घरांऐवजी बाजूची घरं लिहिणार नाही, उद्यापासून पहाटे जातो. तीनदा वाचून पाठवला. त्यांनी तो पाहिला.

सायकलमध्ये हवा भरून ठेवली आहे.