डाव्या हाताची खूण

तीर्थरूप नव्हे, चिरंजीव नव्हे, नुसताच जोडीदार मायाप्पा यास,

सोलापुराहून प्रभुलिंगाचा दंडवत. सिद्धेश्वराच्या कृपेने इकडे माझे गुडघे, रुद्राणीचा आवाज आणि ऊन, तिन्ही कडक आहेत. तुझी तब्येत विचारायला जेऊरला फोन करावा, तर तू घेत नाहीस. तुझी सून वैजयंती सांगत होती, "फोन वाजला की मामा भिंतीकडं तोंड करत्यात." अर्धांगाच्या झटक्यानं उजवं अंग गेलं, जीभ वळेना, म्हणून माझ्यापासून लपतोस होय रे? म्हणून हे पत्र. वैजयंती, पोरी, मोठ्यानं वाच. (मध्ये कुठं शिवी आली तर तेवढी हळू वाच.)

आता माझी फजिती ऐक. कारखाना बंद होऊन वर्ष झालं, पण हात बंद व्हायला तयार नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात आपण उभा जन्म तोंडानं बोललोच नाही. उजवा हात मागाला, डाव्यानं खुणा. धागा तुटला, शेठ आला, बायको रुसली, सगळं डाव्या हातानं. (बायको रुसल्याची खूण तू माझ्याकडूनच शिकलास.) परवा नव्या पेठेत रुद्राणी पलीकडे बांगड्यांच्या दुकानात, मी अलीकडे, आणि मध्ये रिक्षांचा गोंगाट. मला चहाची तल्लफ आली. डावा हात आपोआप वर गेला, गोल फिरला आणि ओठांशी आला. तीन रिक्षा कचकन थांबल्या, मागे सगळी पेठ तुंबली. पहिल्या रिक्षाचे ड्रायव्हर राजेसाब उतरून म्हणाले, "चाचा, बैठना नै तो हात कायकू फिराते?" मी खुलासा करायला गेलो, तोही हातानंच. चौथी रिक्षा थांबली. रुद्राणी गर्दीतून वाट काढत आली आणि चारचौघांत म्हणाली, "कारखान्याला कुलूप लागलं, ह्यांच्या हाताला कोण लावनार?"

नात आरोही फिजिओथेरपी शिकते. घरात ती एकटीच हसली नाही. म्हणाली, आजोबा, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की त्यांच्यातली जोडणी घट्ट होते, जायचा थांबला की सैल पडते. मला तुमच्या जेऊरच्या स्टेशनावरून मळ्याकडं जाणारी पाऊलवाट आठवली. ती कुणी बांधली नाही, पायांनी पाडली. चार महिने कुणी फिरकलं नाही तर गवत माजणार. म्हणजे हाटेलात मी अजून दोन बोटं वर करतो, त्यात माझा दोष नाही, तुझा आहे. दोन कप येतात. तुझाही मीच पितो, मग रात्रभर पित्तानं तळमळतो. आरोही असंही म्हणते की झटक्यानं बंद पडलेल्या वाटेच्या बाजूनं दुसरी वाट पडू शकते. सगळीच पडेल असं नाही, पण रोज तेच ते करावं लागतं, कंटाळा आला तरी. मायाप्पा, मला त्या गवताची भीती वाटते रे. इथं माझ्या खुणेला खूण देणारं कुणी उरलं नाही. गोंगाट तेवढा आहे, पलीकडे तू नाहीस. तुझी लई आठवण येते.

वैजयंतीला आशीर्वाद, म्हशीला नमस्कार. तुला काही नाही, तू फोन घेत नाहीस.

तुझा,
पलीकडच्या मागावरचा प्रभुलिंग

ता. क. : 'शेठ आला' म्हणायला आपण कान धरायचो की नाक? विसरलो. डोकं फुटायची वेळ आली आहे. रविवारी दुपारी चहाच्या वेळेला आरोही व्हिडिओ कॉल लावून देईल, तेवढं दाखव. तोंड उघडू नकोस, मीही उघडणार नाही. डावा हात तर तुझा शाबूत आहे ना?

ता. क. चा ता. क. : वैजयंती, पोरी, हे मात्र मनातच वाच. मी काही विसरलेलो नाही, नाकच धरायचो. पण माझं त्याच्यावाचून अडलं आहे असं वाटलं, तर तो हात उचलेल. आणि अडलं आहे, ते काही खोटं नाही.