अस्वल घसरलं नव्हतं

प्रिय चिमणे,

पुस्तकाची कच्ची चित्रं पोचली. दुसरीपर्यंत शिकलेल्या आजीकडे चुका शोधायला पाठवणारी लेखिका तूच एकटी. पण शब्दांचं राहू दे, चित्रं मला वाचता येतात. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून मलाच कोंबडी केलीस ना? झकास दिसते मी. शेजारीण म्हणाली, चोच अगदी तुमचीच. म्हटलं, जीभ दिसत नाही हे नशीब.

आता चुका. चौथ्या पानावर अस्वल कोंबडीला उजव्या हाताने मारतं. आजोबा डावखुरे होते गं. तू टेबलाखाली बसायचीस, तुला नुसते पाय दिसायचे. डाव्या हाताची थप्पड उजव्या कानावर बसते. तो कान त्यातच गेला, म्हणून तर तू अजून माझ्या डावीकडे बसून बोलतेस. पट्ट्याचं बक्कल मात्र हुबेहूब. सहाव्या पानावरचं रक्त गुलाबी झालंय. ओठ फुटला की इतकं गोड दिसत नाही. लाल घाल, उशीवर तपकिरी. अभ्रे मी गार पाण्यात भिजवायचे, गरम पाण्याने डाग पक्का होतो. तुझ्या रंग लागलेल्या कपड्यांनाही तेच कर.

बघ, कुठून कुठे गेले. बाराव्या पानाचं विचारलंयस तू. तिथे अस्वल जिन्यावरून पडतं, पण कशाने ते दिसत नाही. प्रकाशक म्हणतात मुलं घाबरतील, अस्वल आपलं आपणच जिन्यावरून घसरू दे. करू का तसं, आजी?

नको. तू चार वर्षांची होतीस. जिन्याच्या वरच्या भिंतीवर कोळशाने अस्वल काढलंस, हातात पट्टा घेतलेलं. पायऱ्या चढून येताना त्यांनी स्वतःला ओळखलं. चित्र काढलेला हात पुढे कर, म्हणाले. तू केलास. बक्कल पुढे धरून त्यांनी पट्टा उगारला, आणि मी मध्ये घुसून दोन्ही हात त्यांच्या छातीवर टेकून ढकललं. तेरा पायऱ्या. कमरेचं हाड मोडलेलं मी चांगल्या कानाने ऐकलं. सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलं, तुलाही. पाणी मी नंतर ओतलं होतं. पुढे नऊ वर्षं ते अंथरुणालाच, मीच त्यांना भरवलं. चमचा वर गेला की ते डोळे मिटायचे. तेव्हा अस्वलाला घसरवू नकोस. कोंबडीचे दोन्ही पंख त्याच्या छातीवर टेकलेले काढ, आणि तिच्या मागे एक पिल्लू, चोचीत कोळसा धरलेलं.

तुझीच,
डावीकडची आजी