वर बघ म्हणायचं न्हाई

२८ डिसेंबर, सेलू
ही वही दिवाळीत घेतलेली. आज पहिली ओळ. रोज ठरवायचो, आज लिहायचं. मग कोणी चहाला हाक मारायचं, नाहीतर फारुकभाईची जीप पाथरीला निघायची न् मी मागं लटकायचो. परवा तर पेन हातात होता, तेवढ्यात एक गाढव जिनिंगच्या गेटात आडवं उभं राहिलं. कापसाच्या गाड्या मागं थांबल्या, ड्रायव्हर शिव्या द्यायलेत, गाढव ढिम्म. ते बघण्यात लिहायचं राहिलं.
आता कारण नाही. रुईचे गठ्ठे उचलायचं काम दोन दिवस बंद आहे. मुंजाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर पालथा पडून लिहायलोय. खाली मुंजा कोणाचा तरी फोन उघडून बसलाय.

३१ डिसेंबर
आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपात नवीन लोक लय आले. सुट्ट्या म्हणून असेल.
ग्रुप आमच्या दोघांचा, मुंजाचा न् माझा. खेळ तोच मोबाईलवरचा, विमानातनं उडी मारायची, बंदूक शोधायची, शेवटपर्यंत जगायचं. ग्रुपाला फोटो दुकानाच्या पाटीचा. मुंजा खेळात भारी, मी जवाब देण्यात भारी. नवा आला की प्रश्न तेच. पॅराशूट कधी उघडतं? मी निळ्या गोलाबाहेर गेलो की मरायलो कामून? फोन तापतो, काय करू? मी एकेकाला आवाजात सांगतो. आधी राम राम, मग गाव कोणतं, मग काय अडलं. गाव विचारल्याशिवाय जवाब द्यायचा नाही, हा माझा नियम. गाव सांगितलं की माणूस मोकळा होतो न् खरं काय पाहिजे ते बोलतो.
दुसरा नियम, नव्याला "वर बघ" म्हणायचं नाही. आधी सांगितलंय, वर वाच, असलं काही नाही. जो म्हणेल त्यानं एक मॅच खेळात मिळतो तो नुसता तवा घेऊन खेळायची. बंदूक उचलली तर दुसरी मॅच पण तव्यावर. आमच्या पेडगावचा एक पोरगा तव्यावर जिंकला होता म्हणे. मला खोटं वाटतं.

४ जानेवारी
'भोळा शंकर' नावाचा एक आयडी हाय. फोटो नाही. गाव मानवतकडचं सांगतो. महिना झाला, तेच तेच विचारतो. माईक कुठं असतो? सांगितलं. परवा परत, दादा माईक कुठं असतो? परत सांगितलं. आज, दादा तो माईक म्हणजे नेमका कोणता?
मी त्याला चित्र काढून पाठवलं. वर उजव्या हाताला छोटा नकाशा, त्याच्या शेजारी माईक, बोट ठेव, 'टीम' निवड, फोन परवानगी मागल, हो म्हण. माईकला मी शेळीच्या कानासारखं काढलं, ते जरा चुकलं.
मुंजा बघून हसायला. म्हणला, "दत्त्या, तुला रागच येत न्हाई का रे?"
म्हणलं, "तुला आला होता का माझा, शिकवताना?"
मान खाली घालून परत फोन उघडायला लागला.
मी नवा होतो तेव्हा एका मोठ्या ग्रुपात पॅराशूटचंच विचारलं होतं. एकानं लिहिलं, गावठी आलं बघा. धाडकन काढून टाकलं. मुंजानं मग पेडगावच्या बांधावर बसून शिकवलं, त्याच्याच फोनवर. बॅटरी संपेपर्यंत. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी जे नव्यांशी बोलतो ते त्याचंच बोलणं हाय. हे त्याला कधी सांगितलं नाही.

८ जानेवारी, पाथरी
लिहू का नको.
जीप भरेना म्हणून स्टँडवर उभे होतो. फारुकभाई न् दोघं जण फोनला कान लावून हसायले. फोनातनं आवाज माझा. "राम राम शंकरभाऊ, काळजी करू नका, परत सांगतो..."
मी जवळ गेलो तर फारुकभाईनं फोन खिशात घातला. घालताना पडला. मीच उचलून दिला. स्क्रीनवर ग्रुपाचं नाव, 'दत्ता कधी पेटतो'.
म्हणलं, "हे काय हाय?"
"कुछ नहीं रे, मस्करी."
"फारुकभाई, दाखवा."
दाखवलं. आमच्या ग्रुपातले सगळे जुने त्याच्यात. मीच तेवढा नाही. माझे आवाज तोडून तोडून टाकलेले, त्याखाली हसायची तोंडं. पैज लावलीय, मी चिडणार का नाही. हरणाऱ्या बाजूनं सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा.
न् त्याच्यातच लिहिलेलं, भोळा शंकर म्हणजे मुंजा.
फारुकभाई म्हणला, "दत्ता, कसम से, मुझे लगा तुला माहीत हाय."
परत येताना जीपच्या मागं नाही बसलो. पायी निघालो. थोडं गेल्यावर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर. रस्त्यात एक साळुंकी आरशावर चोच मारायली होती, स्वतःलाच. एरवी थांबलो असतो.

९ जानेवारी, सेलू
मु. ला विचारलं. मुंजा असं पूर्ण नाव लिहायचं मन होत नाही. त्याच्यासमोर गिऱ्हाईक होतं, तरी विचारलं.
"भोळा शंकर तू व्हय?"
त्यानं स्क्रू खाली ठेवला. "कोण म्हनला?"
"हाय का न्हाई?"
"अरे ऐक तर. मी तुझ्या बाजूनं लावलीय पैज. समदे म्हनले चिडंल, मी एकटा म्हनलो, दत्ता चिडत न्हाई. मला म्हाईत हाय ना तू कसा हायस."
"मंग विचारत कामून होतास?"
"कोणी तरी विचारायला पायजे का न्हाई? त्याशिवाय पैज कशी व्हईल?"
गिऱ्हाईक म्हणलं, "माझं डिस्प्ले कवा होईल?"
एवढं झालं. माळ्यावरनं पिशवी घेतली न् निघालो. गोधडी विसरलो.

१० जानेवारी, पेडगाव
घरी. आय म्हणली, "काम सुटलं का भांडलास?" दोन्ही म्हणलं. तिनं पुढं विचारलं नाही, भाकरी वाढली.
सगळं आठवायलं. तो शेळीचा कान काढत होतो तेव्हा मु. खालीच बसला होता. मी वरनं म्हणलं, बिचाऱ्याला समजत नाही रे. तो म्हणला, हाव ना, बिचारा.
बिचारा म्हणला.

१२ जानेवारी
दुपारी बाजेवर पडलो होतो. ग्रुप सोडायचा होता पण मीच ॲडमिन, मी सोडला तर सगळा मु. च्या हाती. म्हणून राहिलो.
नवीन नंबर आला. फोटो नाही. नाव नुसतं 'गोदा'. लिहिलं, माईक कुठं हाय.
अंगाची आग झाली. पुन्हा तोच. नाव तेवढं बदललं.
आवाजातच बोललो. "मुंज्या, आता बाईचं नाव लावलंस व्हय? लाज धर जरा. तुला सांगून सांगून माझं तोंड वाळलं. वर बघ. समदं वरच लिहिलंय. वाचता येत नसल तर फोन विक न् शेळ्या राख. चल, निघ." न् काढून टाकलं.
लगेच ग्रुपात धुरळा. पेटला पेटला. दत्ता पेटला! एकानं लिहिलं, मुंजा हरला, हुरडा मुंजाचा. एकानं तव्याचं चित्र टाकलं.
गोड वाटलं मला. खरं सांगतो. अर्धा तास.

१३ जानेवारी
मु. चा फोन. चार वेळा कट केला, मग उचलला.
"दत्त्या, ती मी न्हाई."
"बस कर."
"आयची शपथ. भोळा शंकर मी होतो, कबूल. ही गोदा मी न्हाई. दुसऱ्या कोणाला पण विचारलं, कोणाचीच न्हाई."
"तुझ्या शपथेला काय किंमत ऱ्हायली रे आता?"
तो मग म्हणला, "मला शिव्या दे. पर नंबर लावून बघ."
लावला. वारा घोंगावायला, मागं बैलाच्या घुंगराचा आवाज, न् कोणी तरी बाई, "कोण?" मी म्हणलं, "राम राम, मी दत्ता, ग्रुपातला..." तिनं ठेवला.
तो मुंजा नव्हता.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळपासनं फोनवर तिळगूळ. गोड बोला, गोड बोला. ज्यांनी हसायची तोंडं टाकली त्यांचे पण.
दुपारी तिचा आवाज आला. जसा ऐकला तसा लिहितो, कारण तो खोडला जाईल अशी भीती वाटायली.
"दादा, मी कोणी मुंजा न्हाई. आमी ऊसतोडीवर हावं, कोल्हापूरकडं. माझी लेक सेलूला मावशीकडं ऱ्हाती, बारावीला हाय. आमी तिचं लगीन जमवलं म्हून ती रुसली. माझा फोन बंद केला तिनं, माझा आवाज तिच्याकडं जात न्हाई. भाचा म्हनला, ताई संध्याकाळी त्या खेळात असती, तिथं बोलता येतं. त्यानंच लिहून दिलं होतं. मला वाचता येत न्हाई, तुमी वर बघ म्हनलात, काय बघू? मला लेकीला एवढंच सांगायचंय की ते स्थळ मी मोडलं. तुमाला तरास झाला, चुकलं."
तीनदा ऐकलं. आयनं पण ऐकलं. आय म्हणली, "तुमचा खेळ हाय काय असला?"

१५ जानेवारी
तिचा प्रश्न माईकचा नव्हताच. नुसत्या माईकनं काही होत नाही, लेकीच्या टीममध्ये जावं लागतं. लेकीचं खेळातलं नाव माहीत पाहिजे, तिला विनंती पाठवावी लागते, तिनं घेतली पाहिजे. हे मी सांगितलं असतं. गाव कोणतं म्हणून विचारलं असतं तर तिनं एका दमात सगळं सांगितलं असतं. माझाच नियम.
सगळं आवाजात सांगून पाठवलं. आधी माफी. मग सावकाश, चित्र न लागता समजेल असं. लेकीचं खेळातलं नाव पण विचारलं. एकच टिक. संध्याकाळपर्यंत एकच टिक, म्हणजे पोचलंच नाही. तिनं पण बंद केलं मला, लेकीनं तिला केलं तसं.
ग्रुपात लिहिलं, 'वर बघ' मी म्हणलो, तवा माझा. मॅच खेळलो. उतरलो, तवा घेतला, एका घराच्या कोपऱ्यात उभा राहिलो. कोणी तरी दारातनं बघितलं न् मारायच्या आधी थांबलं, बहुतेक हसत होतं. मग मारलं.

१७ जानेवारी
मु. नं हुरडा ठेवला, त्याच्या रानात. सगळे जाणार. त्यानं निरोप पाठवला, फारुकभाईकडनं.
फारुकभाई जीप घेऊन दारात. "चल ना बे, उसका मुँह इतना हो गया है."
म्हणलं, "तुमी खा."
"तू नहीं आया तो वो खायेगा नहीं."
"नसल खात तर जळो."
गेला. आमच्या घरापासनं मु. चं रान दिसतं. धूर दिसला. वास आला, कोवळ्या ज्वारीचा. आगटीपाशी सगळ्यात मागं एक जण उभा होता. तोच असणार, मान खाली घालायची सवय त्याची.
राग मला तेव्हा जास्त आला. तो बांध तोच हाय, जिथं त्यानं मला शिकवलं.

१९ जानेवारी
सेलूला गेलो, गोधडीचं निमित्त. दुकान बंद होतं. बरं झालं. मग बारावीच्या पोरी जिथनं क्लासहून येतात तिथं उभं राहावं म्हणलं, कोणाची आय ऊसतोडीवर हाय विचारावं. मग वाटलं, माझ्यासारखा माणूस पोरींना असं विचारत उभा राहिला तर मार खाईल न् वर त्या पोरीचीच बदनामी. चहा पिऊन परत.
ठरवलं, पुण्याला जायचं. एक ओळखीचा गोदामात हाय. ग्रुप कोणालाही देतो. नव्यांना कोणी तरी सांगेलच.
सांगेल का?

२० जानेवारी, सेलू स्टेशन
बाकड्यावर बसून लिहायलोय. गाडी उशिरा हाय. समोर एक म्हातारा तिकिटाच्या खिडकीवर परत परत एकच विचारायला, गाडी कोणत्या बाजूला लागल, म्हणून. आतला माणूस म्हणला, "बाबा, पाटी बघा ना." म्हाताऱ्यानं पाटीकडं बघितलं न् तसाच उभा. मी उठून सांगितलं. गाव विचारलं. सेलू तालुक्यातलंच निघालं. नातवाकडं चाललाय, डबा उघडून लाडू दिला. लाडवात खडा होता.
गाडीची घोषणा झाली.
आत्ता फोन वाजला. मु. चा. कट केला. परत. कट. मग त्यानं लिहून पाठवलं. हा माणूस कधी लिहीत नाही, त्याला बोलायला आवडतं. शंका तिथंच आली. भोळा शंकर पण लिहायचाच.
लिहिलंय असं:
"दत्त्या दुकानात एक बाई आलीय. ऊसतोडीवरनं. ग्रुपाच्या फोटोतली पाटी भाच्यानं दाखवली म्हून हुडकत आली. रात्रभर यष्टीत होती. लेकीनं मावशीच्या घरी दार उघडलं न्हाई. पायरीवर बसलीय, फडक्यात कोयता हाय. माईक कुठं असतो विचारायली."
खाली अजून एक:
"खरं हाय. मला येतं सांगता पण मी सांगितलं न्हाई. म्हनलं ज्याचं काम त्यानं करावं. आधी गाव तेवढं विचारलं."
म्हातारा म्हणायला, "पोरा, हीच का गाडी?"